शेपटाकडचे सात मजले

नगररचना खात्यात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. घरांचे नकाशे मंजूर करून घ्यायला येणारे कंत्राटदार त्यांना पाठीमागे ‘नामंजूर साहेब’ म्हणायचे. साहेबांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. समोर आलेला नकाशा टेबलावर पसरायचा, शर्टाच्या खिशातली सहा इंची पट्टी काढायची आणि कागदावर जे बसलंय ते खरोखर बसतंय का ते बघायचं. बहुतेक वेळा बसायचं नाही. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर माणसाचं डोकं तुळईला आपटायचं, नाहीतर न्हाणीघराचं दार उघडलं की बेसिनवर अडकायचं. मग साहेब लाल पेन्सिलीने तिथे एक गोल काढत आणि खाली लिहीत, ‘बसत नाही’. कंत्राटदारांनी हातापाया पडून पाहिलं, बड्या लोकांचे फोन येऊन गेले, पण काढलेला गोल कधी पुसला गेला नाही. लाल पेन्सिलीवर रबर चालत नाही, असं ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत.

हाच करडा माणूस घरी बावीस वर्षं एका जहाजाचा नकाशा काढत होता, आणि ते जहाज जगातल्या कुठल्याच बंदरात सापडलं नसतं. ते ताऱ्यांमधून जाणारं जहाज होतं, तेही टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतलं. साहेब बारा वर्षांचे असताना ती मालिका आठवड्यातून एकदा लागायची. घरात टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि दहाबारा मुलं जमिनीवर बसून मान वर करून बघायची. बाकीच्यांना लढाया आवडत. आमचे साहेब त्या वयातही विचारायचे की कप्तान आत्ता डावीकडे वळला, मग तो त्याच खोलीत परत कसा आला? शेजारचे काका म्हणायचे, गप बस, नाहीतर बाहेर जाऊन बघ.

पुढे मालिकेच्या कॅसेटी निघाल्या, चित्र हवं तिथे थांबवता यायला लागलं, आणि साहेबांना तो जुना प्रश्न नव्याने चावला. त्यांनी टीव्हीच्या काचेवर पारदर्शक कागद चिकटवला आणि पट्टी हातात घेतली. तेव्हा लक्षात आलं की या जहाजाचं बाहेरचं काम एका शेडमध्ये झालं होतं आणि आतलं दुसऱ्या. बाहेरून दिसणारं जहाज म्हणजे जवळजवळ दोन मीटर लांबीचं लाकूड-प्लास्टिकचं मॉडेल. आतल्या खोल्या म्हणजे सुतारांनी उभे केलेले सेट. या दोन शेडमधल्या माणसांनी एकमेकांशी कधी चकार शब्द बोलल्याचा पुरावा अख्ख्या जहाजात कुठे मिळत नाही. पहिल्याच भागात कप्तान एका पाहुण्याला छाती फुगवून सांगतो की जहाज एकशे नव्वद मीटर लांब आहे. मॉडेलवर बेतलेली चित्रं बघून साहेबांनी सगळं मोजलं. मधल्या फुगीर भागाचं कसंबसं जमत होतं. घोडं अडलं ते शेपटापाशी. जहाज मागे निमुळतं होत जातं आणि एकशे नव्वद मीटर लांबी धरली तर शेपटाची जाडी भरते जेमतेम तेरा मीटर. तिथे खिडक्यांच्या रांगा मात्र सात. तेरा मीटरमध्ये सात मजले म्हणजे एका मजल्याला दोन मीटरही मिळत नाहीत, आणि त्यातच जमिनीची जाडी आली. माणसांनी काय रांगत जायचं?

असे प्रश्न पडणारी माणसं जगात आणखी आहेत हे साहेबांना चाळिशीत कळलं. कुणी दंतवैद्य, कुणी रेल्वेतला, कुणी नुसताच रिकामा. ते आधी एकमेकांना पत्रं लिहीत, मग कॉम्प्युटरवर भांडू लागले. त्यांच्यातल्या बहुतेकांनी सोपी वाट धरली होती. त्यांचं म्हणणं, शेपटाकडच्या बोळातली दारं नेहमीच्या दारांएवढी, माणसाच्या डोक्यावर चांगली वीतभर जागा मोकळी राहील अशी. तेव्हा मजला सव्वादोन मीटरच्या वर जाणार, सात मजल्यांना सोळा मीटर लागणार, म्हणजे कप्तानाची लांबी चुकली आणि जहाज दोनशे चाळीस मीटरचं आहे. साहेब या सगळ्या गटाला ‘दोनशेचाळीसवाले’ म्हणत, आणि ज्या सुरात म्हणत त्यावरून वाटावं की ती एखादी टोळी आहे. कप्तान स्वतः एकशे नव्वद म्हणतो आणि तुम्ही त्याला खोटं पाडता? जहाज त्याचं की तुमचं?

साहेबांची बायको शाळेत गणित शिकवायची. बेरजा तपासून द्यायला तिची ना नव्हती, पण एक दिवस तिने हात टेकले. “अहो, ते जहाजच मुळात खोटं आहे ना? मग ते खोट्यात बसू दे की,” ती म्हणाली. साहेबांनी पट्टी खाली ठेवली. घर बांधून होईपर्यंत प्रत्येक नकाशा खोटाच असतो, त्यांनी उत्तर दिलं, पण म्हणून त्यात जिना लागत नाही असं नाही. कुणीतरी तिथे राहणार आहे असं धरून चालावं लागतं. बायकोला हे कुठेतरी पटलं असावं, कारण त्यानंतर तिने फक्त माळा कधी आवरणार एवढंच विचारायचं ठेवलं.

आणि त्या जहाजावर कुणीतरी राहत होतं, निदान साहेबांच्या लेखी. त्यांची ताई.

ताई साहेबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. नवव्या वर्षानंतर तिची उंची वाढायची थांबली ती थांबलीच. एकशे एकतीस सेंटिमीटर, म्हणजे चार फूट साडेतीन इंच. धाकटा भाऊ मात्र वाढत वाढत सहा फुटांवर गेला आणि तरी ती त्याला अजून ‘छोट्या’च म्हणते. ताई शिवणकामात वाघीण. टीव्हीच्या स्टुडिओत कपडेपटात तिला नोकरी लागली तेव्हा तिने मशीनच्या पायडलवर लाकडाचा ठोकळा ठोकून घेतला आणि कामाला लागली. जहाजावरच्या एकूण एक अधिकाऱ्याच्या गणवेशाच्या बाह्या तिने लावलेल्या. एकदा घरी येऊन तिने जरा आडूनच सांगितलं की अकरावा भाग चुकवू नका. अकराव्या भागात कप्तान लांबलचक बोळातून कॅमेऱ्याकडे धावत येतो, आणि पार मागे, टोकाला, एक अधिकारी बाई हातात फाईल घेऊन दारातून निघते, भिंतीवरचं बटण दाबते आणि दुसऱ्या दारात शिरते. सहा सेकंद. चेहरा हरभऱ्याएवढाही दिसत नाही. पण डावं पाऊल जरा बाहेर टाकत चालायची ती लकब आईने ओळखली, छोट्यानेही ओळखली, आणि शेजाऱ्यांच्या त्या गच्च खोलीत आई उठून उभी राहिली. साहेबांना आजही मालिकेतलं दुसरं काही इतकं स्पष्ट आठवत नाही.

शेपटाचं कोडं सुटलं ते याच सहा सेकंदांत. दोनशेचाळीसवाल्यांनीही तेच चित्र थांबवून मोजलं होतं, पण त्यांच्या दृष्टीने ती बाई म्हणजे कुणीतरी एक बाई. साहेबांना तिची उंची सेंटिमीटरपर्यंत ठाऊक होती. कागदावर ताई सव्वीस मिलिमीटर भरली आणि तिच्या मागचं दार एकतीस. म्हणजे दाराची खरी उंची एकशे छप्पन सेंटिमीटर! छत त्याच हिशेबाने एकशे एकाहत्तर. जमिनीची जाडी चौदा धरा, मजला झाला एकशे पंच्याऐंशीचा. गुणिले सात. बारा मीटर पंच्याण्णव सेंटिमीटर. शेपटाची जाडी तेरा मीटर. पाच सेंटिमीटर उरले, रंगाच्या थराला. साहेबांनी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणून गुणाकार करायला लावला. तिचंही तेवढंच आलं.

अर्थ सरळ होता. जहाज निमुळतं आहे म्हणून शेपटाकडचे मजले बुटके आहेत, आणि तिथे मुद्दाम कमी उंचीची माणसं नेमलेली आहेत. शेपटाचा सगळा भाग त्यांच्या मापाने बांधला आहे. पुढची कितीतरी वर्षं साहेबांनी तोच भाग भरला. पायरी बारा सेंटिमीटरची. कडी नव्वदवर. खुर्ची अशी की बसल्यावर पाय जमिनीला टेकावेत. फळी अशी की टाच न उचलता हात पोचावा. खाणंपिणं गरम करायच्या खोलीतला ओटा सत्तर सेंटिमीटरचा. दर महिन्याला ते ताईकडे जात आणि या वेळी शेपटात नवीन काय बसवलं ते सांगत. ताई एकटीच राहायची, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत आणि स्वयंपाकघरात. ती स्टुलावर चढून चहा करायची, ओट्याशी उभ्या उभ्या ऐकायची, बाहेरच्या खोलीतून साहेब बोलत राहायचे. कधी ती विचारायची, आणि खिडकी? मग पुढच्या महिन्यात खिडकी यायची.

साहेब निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी जुन्या स्टुडिओच्या जागेत टीव्हीचं संग्रहालय निघालं. अडगळीत मूळ मॉडेल सापडलं होतं, त्याच्या शेजारी भिंतभर जहाजाचा उभा छेद लावायचा होता. संग्रहालयाच्या बाईंनी सगळ्यांचे नकाशे मागवले आणि साहेबांचा निवडला. कप्तानाच्या आकड्यात जहाज बसवणारा तो एकमेव होता. दोनशेचाळीसवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी नकाशाच्या कोपऱ्यात आपल्या सुबक अक्षरात एक ओळ लिहून ठेवली, ‘मापाचा आधार: माझी ताई’. बावीस वर्षांच्या कामात त्यांना सगळ्यात प्रिय काय, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं असतं. जी बाई आयुष्यभर दुकानाच्या काउंटरमागे दिसेनाशी व्हायची, तिच्यावर आता सगळं जहाज तोललेलं लोकांना दिसणार होतं.

बाईंनी फक्त एक मागणी केली. उंचीला पुरावा हवा. त्या सहा सेकंदांत मीच होते आणि माझी उंची इतकी, असं ताईंच्या सहीचं पत्र येत्या सोमवारपर्यंत द्या. साहेबांनी पत्र टाइप करून घेतलं आणि ताईकडे गेले.

ताईने पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि चष्मा सापडत नाही म्हणाली. ठेवून जा, बघते. साहेब जिना उतरून रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चष्मा दोरीने तिच्या गळ्यातच होता. दोन दिवसांनी फोन केला तर म्हणाली, हात दुखतोय, सही नीट येणार नाही. साहेबांचा पारा चढला. लोकांच्या चालढकलीची त्यांना चौतीस वर्षांची ओळख होती, पण ताईने त्यांना कधी चकवलं नव्हतं. शनिवारी त्यांनी मूळ नकाशाच नळीतून काढून बरोबर घेतला. प्रत्यक्ष बघितला की नाही म्हणायची नाही, असा हिशेब.

ताईच्या खोलीत तेवढा मोठा कागद जमिनीवरच मावला. एका कोपऱ्यावर इस्त्री ठेवली, एकावर बटणांचा डबा, एकावर कात्री, चौथ्यावर साहेब स्वतः बसले. ताई गुडघे मुडपून शेपटाशी बसली आणि चष्मा लावून वाचू लागली. इतकी वर्षं तिने हे सगळं नुसतं ऐकलेलं. ती एकेका आकड्यावर बोट ठेवत गेली. पायरीवर, कडीवर, फळीवर. सहाव्या मजल्यावरच्या ओट्यापाशी बोट थांबलं.

“हा कुणाच्या मापाचा?” तिने विचारलं.

“तुझ्या.”

ताईने चष्मा काढला आणि पदराने नव्हे, मांडीवरच्या कापडाच्या तुकड्याने पुसला, कारण शिवणारीच्या मांडीवर एखादा तुकडा असतोच.

“छोट्या, स्टुडिओ केवढासा होता रे,” ती म्हणाली. “त्यांना लांबलचक बोळ हवा होता आणि जागा होती दहाबारा पावलांची. मग सुतारांनी पुढची दारं मोठी केली आणि मागची लहान लहान करत नेली. भिंती आत ओढल्या, छत खाली आणलं. कॅमेऱ्यातून बघितलं की लांब दिसायचं. शेवटचं दार माझ्या मापाचं होतं. तिथे नेहमीच्या उंचीची बाई उभी केली की राक्षसीण दिसायची. म्हणून मला बोलावलं. जमिनीवर खडूने एक रेघ मारली होती. मला सांगितलं, या रेघेच्या अलीकडे यायचं नाही. अलीकडे आलीस की सगळं जहाज खोटं पडेल.”

साहेबांनी पहिल्या वाक्यालाच ओळखलं होतं पुढे काय येणार ते, जसं एखाद्या नकाशाची घडी उलगडायच्या आधीच ओळखायचे. ती बाई बुटकी नव्हतीच. मालिकेच्या लेखी ती पाच फूट पाच इंचांची, चारचौघींसारखी, फक्त लांब उभी असलेली. दार दोन मीटरचं. मजला सव्वादोनच्या वर. सात मजले सोळा मीटर. दोनशेचाळीसवाले बरोबर होते, कारण त्यांच्यातल्या एकानेही ताईला ओळखलं नव्हतं. साहेबांनी ओळखलं आणि तिथेच ते फसले. सुतारांनी ज्या एका माणसाची खरी उंची लपवायला एवढा खटाटोप केला, नेमकी तीच उंची घेऊन साहेब जहाज मोजत बसले होते.

“बावीस वर्षं, ताई,” ते म्हणाले. आवाज चढला होता. “एकदा तरी सांगायचं.”

“दर वेळी ठरवायचे,” ताई म्हणाली. “तू यायचास आणि सांगायचास, आज कडी खाली घेतली, आज फळी खाली घेतली. अख्ख्या जगात तेवढ्याच एका ठिकाणी माझा हात सगळीकडे पोचत होता. ते मोडायला जीव होईना.” मग तिने पत्र उचललं आणि घडी करून त्यांच्या खिशात, पट्टीशेजारी ठेवलं. “आणि सही मी नाही करणार. सहा सेकंद का होईना, लोकांनी मला पूर्ण मापाची पाहिलीय. आई त्या दिवशी का उठून उभी राहिली असं तुला वाटतं? तेवढी मला तशीच राहू दे.”

इतकी वर्षं साहेब समजत होते की आपण ताईला मोठेपण देतो आहोत. तिला काय हवं आहे ते विचारायचं राहून गेलं होतं.

ताई उठली आणि चहा टाकायला आत गेली. साहेब कागदाच्या कोपऱ्यावर बसल्या जागेवरून आत बघत होते. दाराच्या चौकटीतून ओटा दिसत होता, आणि ओट्याशी स्टूल. ताईने पायाने स्टूल ओढलं, एका हाताने ओट्याची कड धरली आणि चढली. दूध घ्यायला उतरली. साखरेला पुन्हा चढली, वरच्या फळीवरचा डबा टोकाला आकडी लावलेल्या काठीने पुढे ओढला. उतरली. स्टुलाच्या चारी कडा झिजून गोल झाल्या होत्या. साहेबांनी मनात मोजलं, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. ओटा पंच्याऐंशी. ताई एकशे एकतीस. एका चहाला चार वेळा चढउतार, वय सत्तर. हा नकाशा टेबलावर आला असता तर त्यांनी अर्ध्या मिनिटात लाल गोल काढला असता. एकोणतीस वर्षं ते या घरात येत होते आणि त्यातली कितीतरी वर्षं बाहेरच्या खोलीत बसून, चहा घेत, जहाजातला ओटा सत्तरवर आणल्याचं याच बाईला सांगत होते. साहेबांना शरम वाटली. नुसती नाही, अशी की कान गरम झाले. चहा कसाबसा संपवून, नकाशा गुंडाळून ते निघाले. ताईला वाटलं तो जहाजासाठी रुसला.

सोमवारी ते संग्रहालयात गेले ते पत्राशिवाय. बाईंच्या टेबलावर नकाशा पसरला, शेपटाभोवती लाल पेन्सिलीने एक मोठा गोल काढला आणि खाली लिहिलं, ‘बसत नाही’. कारण विचारलं तर म्हणाले, आधार चुकीचा निघाला. कोण आधार, कसा चुकला, यावर मूग गिळून बसले. बाईंना वाईट वाटलं. त्यांनी सुचवून पाहिलं की पत्राचं आपण सोडून देऊ, नकाशा इतका देखणा आहे, कुणाला कळणार आहे?

“मला कळलंय ना,” साहेब म्हणाले.

भिंतीवर शेवटी दोनशेचाळीसवाल्यांचा नकाशा लागला. साहेब तो बघायला गेले, अर्धा तास उभे राहिले, आणि चौथ्या मजल्यावर साठ माणसांना एकही संडास नाही एवढंच बाईंना कळवून आले. समाधान अगदीच झालं नाही असं नाही.

घरी बायकोने आठवडाभर एक टोमणा मारला नाही. साहेब त्याने जास्तच घाबरले. नवव्या दिवशी ते माळ्यावर चढले. ती खाली शिडी धरून उभी होती, जहाज आता कायमचं वर जाणार असं समजून. साहेब मात्र शेपटाचे जुने कागद खाली घेऊन आले. सहावा मजला, खाणंपिणं गरम करायची खोली. त्यांनी त्यातल्या खिडक्या पुसल्या, ताऱ्यांचा नकाशा दाखवायची काच पुसली, उरलं त्यावर नवीन पारदर्शक कागद ठेवला आणि गिरवायला बसले. बायको मागून वाकून बघत होती. जरा वेळाने तिने विचारलं, ताईंच्या घरातली ती भिंत तीन मीटरची आहे की सव्वातीनची? साहेबांना सांगता येईना. तिला येत होतं. सव्वातीन, ती म्हणाली, पडद्याचं कापड मीच मोजलं होतं. आणि नळ डावीकडे घ्या, त्या डावखुऱ्या आहेत. साहेबांनी नळ डावीकडे घेतला.

गवंडी साहेबांच्या ओळखीचाच होता. म्हणजे साहेबांनी त्याची तीन घरं अडवली होती. कागद हातात घेऊन त्याने आधी वर बघितलं, मग खाली, मग साहेबांकडे. आकडा चुकलाय साहेब, तो म्हणाला, सत्तर लिहिलंय. साहेबांनी पट्टी काढून दाखवली की बरोबर आहे. मग गवंड्याने काहीशा मजेने विचारलं की हा नकाशा मंजूर करायचा कुणी. साहेबांनी खिशातून मंजुरीची निळी पेन्सिल काढली, जी चौतीस वर्षांत फारशी झिजली नव्हती, आणि खाली सही केली.

ताई आधी नाही नाही म्हणाली. आता किती दिवस राहिलेत, कशाला तोडफोड. पण नाही म्हणता म्हणता ती कागदावर वाकलीच, आणि फळी आणखी दोन बोटं खाली घ्यायला लावली. जुना ओटा फोडायला एक सकाळ लागली. मग गवंड्याने दोरी ताणून भिंतीवर सत्तरला खडूने एक रेघ मारली, आणि जमिनीवर दुसरी, ओटा जिथपर्यंत पुढे येणार तिथे. आणि हात धुवायला बाहेर गेला.

ताई दारात उभी होती, साहेब आत भिंतीपाशी. धुरळा खाली बसत होता. ती जमिनीवरच्या रेघेकडे बघत राहिली, आणि साहेबांना एकदम कळलं ती काय बघते आहे ते.

“छोट्या,” ती म्हणाली, “या रेघेच्या अलीकडे आलं तर चालेल ना?”

साहेबांनी मान हलवली. ताई रेघेवरून पुढे आली, भिंतीपाशी गेली आणि भिंतीवरच्या रेघेवर तळहात टेकवून उभी राहिली. टाच जमिनीवर होती.

आठवड्याने ओटा वाळला. ताईने पहिला चहा केला तेव्हा स्टूल बाहेरच्या खोलीत होतं आणि साहेब त्यावर बसले होते. मग ती आतून ओरडली की कप उचलून न्यायला आता तिला वेळ नाही, ज्याला हवा त्याने यावं. साहेब आत गेले. सहा फुटी माणूस त्या ओट्याशी अगदीच अवघडून उभा राहिला. कप उचलायला त्यांना कमरेत चांगलंच वाकावं लागलं.

“सवय होईल,” ताई म्हणाली.